नॅस थेट कॉम्प्युटरला जोडलाय आणि दिसत नाही? तपासणी खालून वर करा

नॅस म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना फाइल देणारा, आत डिस्क असलेला डबा. राउटर जळतो. इंटरनेटवाला उद्या येतो म्हणतो. लग्नाचा अल्बम मात्र आजच द्यायचा असतो, किंवा महिनाअखेरची टॅली उघडायची असते. मग कोणीतरी सुचवतं, "भाऊ, नॅसची केबल सरळ कॉम्प्युटरलाच लावा ना!" केबल लागते, दिवाही लुकलुकतो, पण डबा स्क्रीनवर येत नाही. जळगाव, धुळे, चाळीसगाव, सावदा, कुठेही जा, त्यानंतरचा गोंधळ ठरलेला: आधी रिसेट बटण, मग पासवर्ड बदलून पाहणं, आणि शेवटी डिस्क बाहेर काढून कॉम्प्युटरला लावणं. हा क्रम नेमका उलटा आहे, आणि शेवटच्या पायरीला डेटा जातो.

खालचा क्रम पाळा. वीज, केबल, पत्ता, पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतंय का ते पाहणं), लॉगिन पान, शेअर फोल्डर, पासवर्ड. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरच्या पायरीला हात लावायचा नाही.

सुरुवातीआधी: ही चार कामं करायची नाहीत

- नॅसमधली डिस्क काढून विंडोजला लावायची नाही. नॅस डिस्कवर लिनक्सची मांडणी करतो, बहुतेक वेळा ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस. विंडोजला ती वाचता येत नाही, म्हणून तो "फॉरमॅट करायची आहे का?" किंवा "इनिशियलाइझ करा" असं विचारतो. डिस्क बिघडलेली नसते. तिथे "होय" दाबलं की मात्र ती खरोखर रिकामी होते.
- दोन किंवा चार डिस्क असतील तर त्यांच्या जागा बदलायच्या नाहीत. काढायचीच वेळ आली तर आधी प्रत्येकीवर मार्करने क्रमांक घाला.
- नॅसच्या यूएसबी पोर्टमधून कॉम्प्युटरला केबल जोडायची नाही. बहुतेक डब्यांवर तो पोर्ट पेनड्राइव्ह, बाहेरची हार्डडिस्क किंवा यूपीएससाठी असतो. दोन्ही टोकं सारखी असलेली केबल मोबाइलच्या दुकानात मिळते, पण तिने हे काम होत नाही.
- रिसेट बटण आत्ता दाबायचं नाही. त्याची जागा पुढे आहे.

हाताशी ठेवायच्या वस्तू: चांगली लॅन केबल, नॅसचा युजरनेम आणि पासवर्ड, एक वही. कॉम्प्युटरची आत्ताची नेटवर्क सेटिंग मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काम झाल्यावर ती परत तशीच करायची वेळ येते तेव्हा कोणालाच काही आठवत नसतं.

१. वीज आणि डिस्कचा आवाज

नॅसला चालू व्हायला वेळ लागतो. पॉवर दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर होईपर्यंत वाट पाहा. जुन्या डब्याला पाच मिनिटंही लागू शकतात. या वेळात लोक दोन-तीनदा बटण दाबतात आणि प्रत्येक वेळी सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

आता डब्याला कान लावा. डिस्क फिरल्याचा एकसारखा घूं आवाज ठीक. ठरावीक अंतराने टक, टक, टक असा आवाज येत असेल तर डबा बंद करा आणि हा लेख इथेच सोडा. तो नेटवर्कचा बिघाड नाही. डिस्क जाते आहे, आणि प्रत्येक वेळी चालू केल्याने नुकसान वाढतं. अशी डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्यायची.

सतत बीप वाजत असेल तर रेडमधली (अनेक डिस्क एकत्र चालवायच्या रचनेतली) एखादी डिस्क बाहेर पडली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी डेटा बहुधा दिसतो. तो दिसला की आधी कॉपी करून घ्या, डिस्क बदलायचं नंतर पाहू.

आपल्या भागात उन्हाळा हे वेगळं प्रकरण आहे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास लग्नांची गर्दी आणि ऊन एकत्रच येतात. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास असताना बंद कपाटात ठेवलेला नॅस तापतो आणि डिस्क वाचवायला स्वतःच बंद पडतो. "तासाभराने गायब होतो" अशी तक्रार असेल तर आधी मागचा पंखा पाहा. जिनिंगच्या ऑफिसात या पंख्यावर कापसाच्या तंतूची पांढरी गादीच बसलेली असते. डबा बंद करून मऊ ब्रशने ती काढा. तोंडाने फुंकू नका, तंतू आत जातो.

तपासणी: पॉवर दिवा स्थिर, पंखा फिरतोय, टकटक नाही. मगच पुढे.

२. केबल आणि पोर्टचे दिवे

केबलचं एक टोक नॅसच्या लॅन पोर्टमध्ये, दुसरं कॉम्प्युटरच्या. खास उलटी, म्हणजे क्रॉस केबल लागते असं जुने तंत्रज्ञ अजून सांगतात. गिगाबिट पोर्टला ती लागत नाही, साधी चालते.

दोन्ही पोर्टवरचे दिवे पाहा. एकही दिवा लागत नसेल तर केबल बदला. पोर्ट बदलणं किंवा सेटिंग उघडणं त्यानंतर. लॅपटॉपला लॅन पोर्टच नसेल आणि यूएसबीचा कन्व्हर्टर वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर बसलाय का ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहा. तिथे पिवळं उद्गारचिन्ह दिसलं तर पुढच्या सगळ्या पायऱ्या फुकट आहेत.

आता सापळा. सीसीटीव्ही बसवणाऱ्याकडून उरलेली केबल बऱ्याच दुकानांत वापरात असते. तिच्यातल्या आठपैकी चारच तारा क्रिंप केलेल्या असतात, कारण कॅमेऱ्याला तेवढ्या पुरतात. अशा केबलवर दिवा लागतो, नॅस दिसतोही, पण वेग १०० एमबीपीएसवर अडकतो. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. आकड्यात सांगायचं तर गिगाबिटवर मोठी फाइल सेकंदाला साधारण ११० एमबी वेगाने जाते, १०० च्या जोडणीवर ११ एमबीने. ६४ जीबीचं भरलेलं कार्ड पहिल्या रीतीने दहा मिनिटांत उतरतं, दुसऱ्या रीतीने दीड तासाच्या वर.

तपासणी: विंडोजमध्ये इथरनेटच्या स्टेटस खिडकीत "स्पीड" पाहा. १.० जीबीपीएस हवं. १०० एमबीपीएस दिसलं तर नॅसला दोष देऊ नका, केबल बदला.

३. पत्ता: नव्वद टक्के गाडी इथेच अडते

राउटर असताना प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, तो वाटतो. तो मधून काढला की पत्ता वाटणारं कोणी उरत नाही. मग दोनपैकी एक गोष्ट घडते.

नॅस "ऑटोमॅटिक"वर असेल तर थोडी वाट पाहून तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतो, आणि कॉम्प्युटरही तसाच घेतो. दोघांची सुरुवात एकच असल्याने ते एकमेकांशी बोलू शकतात. म्हणजे १६९.२५४ दिसलं की "बिघाड" असं समजायची गरज नाही. थेट जोडणीत ते चालून जातं. अडचण एवढीच की हा पत्ता कायम राहील याची खात्री नसते, म्हणून आज केलेला शॉर्टकट पुढे कधीतरी मरतो.

नॅसला कोणीतरी आधी पक्का पत्ता देऊन ठेवला असेल, समजा १९२.१६८.१.५०, तर तो तिथेच बसून राहतो आणि कॉम्प्युटर १६९.२५४ वर जातो. एक जळगावात, एक नंदुरबारात. केबल चांगली असूनही भेट होत नाही.

३अ. नॅसचा आत्ताचा पत्ता शोधा

१. कॉम्प्युटरचं वाय-फाय बंद करा. हे वगळू नका. कारण पुढे सांगतो.

२. कॉम्प्युटरचं इथरनेट ऑटोमॅटिकवर ठेवून दोन मिनिटं थांबा.

३. कंपनीचं शोधक सॉफ्टवेअर चालवा: सिनॉलॉजीसाठी सिनॉलॉजी असिस्टंट, क्यूनॅपसाठी क्यूफाइंडर प्रो. ते मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून आधीच उतरवून ठेवा, कारण वाय-फाय बंद केल्यावर नेट नसेल. फायरवॉलने परवानगी मागितली तर "अलाउ" करा. पत्त्यांची सुरुवात वेगळी असली तरी हे सॉफ्टवेअर बऱ्याचदा डबा शोधून पत्ता दाखवतं.

४. तरीही सापडला नाही तर जुना पत्ता आठवा. टॅलीच्या डेटा पाथमध्ये, जुन्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये, शेजारच्या कॉम्प्युटरवरच्या मॅप केलेल्या ड्राइव्हवर तो बहुतेक वेळा लिहिलेला सापडतो.

३ब. दोघांना कायमचे पत्ते द्या, पण याच क्रमाने

आधी नॅसचा, मग कॉम्प्युटरचा. उलट केलंत तर नॅसपर्यंत पोहोचायचा रस्ताच बंद होतो.

१. नॅस १९२.१६८.१.५० वर सापडला असेल तर कॉम्प्युटरला तात्पुरता १९२.१६८.१.२०० द्या. विंडोज + आर दाबून "एनसीपीए.सीपीएल" (इंग्रजी अक्षरांत) टाका, इथरनेटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४. नवीन सेटिंग्जच्या पानापेक्षा ही जुनी खिडकी बरी, कमी अडते. नॅस १६९.२५४ वर सापडला असेल तर ही पायरी लागत नाही.

२. ब्राउझरमध्ये नॅसचं लॉगिन पान उघडा. सिनॉलॉजीला पत्त्यापुढे :५०००, क्यूनॅपला :८०८० (कोणी बदललं नसेल तर). पत्त्याच्या आधी एचटीटीपी:// लिहा, नाहीतर ब्राउझर तो पत्ता गूगलवर शोधायला जातो.

३. नॅसच्या नेटवर्क सेटिंगमध्ये पत्ता १९२.१६८.५०.२, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० द्या. गेटवे रिकामा राहू देत असेल तर रिकामा ठेवा. सेव्ह करा.

४. पान लटकेल. फिरत राहील, मग "पोहोचता येत नाही" म्हणेल. घाबरून नॅस बंद करू नका. डब्याने पत्ता बदलल्याची ती खूण आहे.

५. आता कॉम्प्युटरला १९२.१६८.५०.१ द्या, मास्क तोच. गेटवे आणि डीएनएस दोन्ही रिकामे.

आकडे टाकताना कीबोर्ड इंग्रजीवर हवा. लेखात देवनागरी आकडे आहेत, पण त्या खिडकीला ते चालत नाहीत.

इशारा: गेटवे रिकामा का? तिथे काही भरलं तर विंडोजला वाटतं की इंटरनेट या केबलमधूनच आहे, आणि नंतर वाय-फाय जोडल्यावरही नेट चालेनासं होतं. "नॅस जोडला की इंटरनेट जातं" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच.

इशारा: ५० च का? घरचे राउटर बहुधा १९२.१६८.०, १९२.१६८.१ किंवा अशाच सुरुवातीचे पत्ते वाटतात. वाय-फाय आणि केबल दोन्हींची सुरुवात सारखी झाली की कॉम्प्युटर नॅसला वाय-फायच्या बाजूला शोधत बसतो. म्हणूनच शोधताना वाय-फाय बंद ठेवायला सांगितलं. राउटरपेक्षा वेगळा आकडा असला की पुरे. ५० लाच काही पवित्र नाही.

विंडोज आता "अनआयडेंटिफाइड नेटवर्क, नो इंटरनेट" दाखवेल. दाखवू दे. या केबलवर इंटरनेट नाहीच.

४. पिंग, आणि ते नीट वाचणं

कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पिंग १९२.१६८.५०.२ टाका. तीन प्रकारची उत्तरं येतात.

"रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.५०.२" आणि पुढे वेळ, टीटीएल: झालं, नॅस बोलतोय.

"रिक्वेस्ट टाइम्ड आउट": नॅसची किंवा मधली फायरवॉल पिंग अडवत असू शकते. लॉगिन पान उघडून पाहा. ते उघडलं तर पिंगची चिंता सोडा.

"रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.५०.१: डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल": यात पुष्कळ जण फसतात. "रिप्लाय" हा शब्द दिसतो, खाली "०% लॉस" असंही लिहून येतं, आणि माणूस फोनवर खुशाल सांगतो की पिंग येतंय. पत्ता नीट पाहा. शेवटी १ आहे, २ नाही. तुमचा कॉम्प्युटर तुम्हालाच सांगतोय की समोर कोणी नाही. परत तिसऱ्या टप्प्यावर जा.

मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये इथरनेटला कॉम्प्युटरचे हेच दोन आकडे (१९२.१६८.५०.१ आणि मास्क) द्या आणि पिंग टर्मिनलमधून करा.

५. लॉगिन पान

ब्राउझरमध्ये नवा पत्ता उघडा. "कनेक्शन सुरक्षित नाही" असा इशारा येऊ शकतो, कारण नॅसचं प्रमाणपत्र या पत्त्याच्या नावाने नसतं. तुमच्याच केबलवरच्या तुमच्याच डब्यापुरतं पुढे जायला हरकत नाही.

आत गेल्यावर स्टोरेजची स्थिती पाहा. "हेल्दी" किंवा "नॉर्मल" हवं. "डिग्रेडेड" दिसलं तर आधी डेटाची दुसरी प्रत. "रीबिल्डिंग" चालू असेल तर डबा बंद करू नका, आणि लोडशेडिंगची वेळ असेल तर तो यूपीएसवर आहे ना ते पाहा.

घड्याळही पाहा. इंटरनेट नसल्याने नॅसची वेळ सरकते. मोबाइलवरच्या सहा आकडी कोडने लॉगिन असेल तर वेळ चुकल्यावर बरोबर कोडही नाकारला जातो.

६. शेअर फोल्डर

फाइल एक्सप्लोररच्या "नेटवर्क" विभागात डबा दिसण्याची वाट बघू नका. थेट जोडणीत तो तिथे बऱ्याचदा येतच नाही, आणि त्याने काही बिघडतही नाही. वरच्या पट्टीत \\१९२.१६८.५०.२ टाकून एंटर करा. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड + के, आणि एसएमबी://१९२.१६८.५०.२.

उघडलं नाही तर संदेश काय येतो त्यावरून ठरवा.

"०एक्स८००७००३५, नेटवर्क पाथ सापडला नाही": पिंग चालत असूनही हे येत असेल तर नॅसच्या फाइल सर्व्हिसमध्ये एसएमबी (विंडोज आणि नॅस ज्या भाषेत फाइलची देवाणघेवाण करतात ती) चालू आहे का पाहा. चालू असेल तर किमान आवृत्ती एसएमबी२ किंवा त्यावरची करा. खूप जुना नॅस फक्त एसएमबी१ बोलतो, आणि विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये ते येत नाही. व्हिडिओ पाहून एसएमबी१ चालू करण्याचा मोह होतो. करू नका, २०१७ सालचा वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच दारातून पसरला होता. अशा डब्यातला डेटा बाहेर काढा आणि डब्याला निवृत्ती द्या.

"सुरक्षा धोरणामुळे गेस्ट प्रवेश नाही" अशा अर्थाचा संदेश: कालपर्यंत पासवर्डविना उघडणारा नॅस विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर अचानक बंद झाल्याच्या तक्रारी आल्या, त्याचं कारण हे. प्रो आवृत्तीत आता गेस्ट प्रवेश बंद असतो आणि एसएमबी सायनिंग सक्तीचं असतं. उपाय विंडोजची सुरक्षा सैल करणं हा नाही. नॅसवर पासवर्डसह एक युजर तयार करा, त्याला फोल्डरची परवानगी द्या. विंडोजच्या त्या सक्त्या बंद करायच्या कमांड मोबाइलवर फिरत असतात, त्यांच्यामागे लागू नका.

७. पासवर्ड बरोबर असून नाकारतोय

विंडोज जुना पासवर्ड जपून ठेवतो आणि गुपचूप तोच पाठवत राहतो. कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, विंडोज क्रेडेन्शियल्समध्ये नॅसच्या नावाच्या किंवा पत्त्याच्या नोंदी काढून टाका. "एकापेक्षा जास्त युजरनेमने जोडणी करता येत नाही" असा संदेश, म्हणजे १२१९ क्रमांकाची चूक, आला तर जुनी जोडणी अजून उघडी आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट यूज * /डिलीट (इंग्रजी अक्षरांत) चालवा. सगळे मॅप केलेले ड्राइव्ह सुटतील, म्हणून आधी टॅली आणि उघड्या फाइल बंद करा. मग परत जोडा.

युजरनेम नॅसवरचं टाकायचं, विंडोजचं नाही. कॉम्प्युटर उघडायचा पिन इथे चालत नाही, हे वेगळं सांगावं लागतं.

ड्राइव्ह मॅप करताना अक्षर पूर्वीचंच द्या. आधी झेड होतं तर झेडच. टॅलीचा डेटा पाथ किंवा एडिटिंगच्या प्रोजेक्टमधल्या क्लिप त्याच अक्षराला बांधलेल्या असतात. अक्षर बदललं की सगळ्या क्लिप लाल होतात आणि स्टुडिओत "डेटा उडाला" अशी बोंब होते.

८. आता, आणि आताच, रिसेट

नॅसचा पत्ता कसाही सापडला नाही किंवा अ‍ॅडमिनचा पासवर्ड खरोखर हरवला, तरच. थोडा वेळ दाबायचा रिसेट आणि जास्त वेळ दाबायचा रिसेट यात फार फरक आहे. सिनॉलॉजीवर मागच्या छिद्रात पिन घालून सुमारे ४ सेकंद, एक बीप येईपर्यंत दाबलं की अ‍ॅडमिनचा पासवर्ड आणि नेटवर्क सेटिंग मूळपदावर येतं, फाइल जागच्या जागी राहतात. लगेच पुन्हा दाबलं तर तो ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसवायच्या तयारीला लागतो. क्यूनॅपवर ३ सेकंदांत तसंच छोटं रिसेट होतं. १० सेकंद दाबलं तर युजर आणि शेअर यांची मांडणीही पुसली जाते.

बीप ऐकू आली की बोट काढा. बाजारात डीजे वाजत असेल तर थांबा, नंतर करा.

रिसेटनंतर डबा ऑटोमॅटिकवर येतो, म्हणून तिसऱ्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करा. लॉगिन केल्यावर "नवीन व्हॉल्यूम तयार करा" किंवा "डिस्क मिटवा" असं काही विचारलं तर पान बंद करा आणि जाणकाराला फोन करा.

९. राउटर परत आल्यावर

नॅसला दोन लॅन पोर्ट असतील तर सोपं आहे: एक राउटरला ऑटोमॅटिक पत्त्यावर, दुसरा एडिटिंगच्या कॉम्प्युटरला १९२.१६८.५०.२ वर तसाच थेट. ऑफिस राउटरकडून पाहील, एडिटर केबलवरून वेगात काम करेल. दोन्ही पोर्टची सुरुवात मात्र वेगळीच ठेवा.

एकच पोर्ट असेल तर आधी थेट जोडणीवर असतानाच नॅसला परत ऑटोमॅटिक करा, मग केबल राउटरला लावा, आणि कॉम्प्युटरचं इथरनेटही ऑटोमॅटिक करा. नॅसचं राहिलं तर तो राउटरमागे असूनही कोणाला सापडत नाही. कॉम्प्युटरचं राहिलं तर उद्या सकाळी लॅनवर नेट नसतं.

वहीत नॅसचा पत्ता, युजरनेम, ड्राइव्हचं अक्षर आणि तारीख लिहा. पासवर्ड त्याच वहीत नको. पत्ता लिहिलेली चिठ्ठी डब्याच्या वर न चिकटवता बाजूला चिकटवा, वरची जाळी हवेसाठी असते.